सहा वारांचा जामीन

पुण्यात नोकरी लागायची तर अक्षर चांगलं पाहिजे, असं यज्ञेश्वराला गावाकडं कुणीतरी ठणकावून सांगितलं होतं. सांगणाऱ्यानं पुणं पाहिलेलं नव्हतं. पण यज्ञेश्वरानं बिचाऱ्यानं मोडी घोटून घोटून अक्षर असं केलं, की पाहणाऱ्यानं वाचायचंच विसरावं. मग आईच्या पाया पडून, घाट चढून तो पुण्यात दाखल झाला. आल्यावर त्याला कळलं, की इथं अक्षर सगळ्यांचंच चांगलं आहे. ज्याचं वाईट आहे, त्याचा मामा चांगल्या जागी आहे.

सवाई माधवरावांची अमदानी होती. शहर भरभराटीला आलं होतं, म्हणजे ज्याला त्याला वाटत होतं की आपलं सोडून बाकी सगळ्यांचं बरं चाललंय. अशा शहरात यज्ञेश्वर उमेदवार म्हणून बसला तो सरकारी हत्तींच्या वैरणीच्या दफ्तरात. आता दफ्तरं पुण्यात काय थोडी होती? कुठं मोहिमांचा हिशेब, कुठं किल्ल्यांचा कारभार. त्यांच्यापुढं हत्तीनं आज काय खाल्लं हे लिहिणं म्हणजे जरा हे वाटायचं. पण मोहीम रोज निघत नाही आणि हत्ती रोज खातो, असं आप्पासाहेब म्हणत.

आप्पासाहेब हे त्या दफ्तराचे मुख्य. माणूस असा कोरडा, की त्यांच्या शेजारी ठेवलेली शाई लवकर वाळते असं कारकून आपसांत म्हणायचे. त्यांनी यज्ञेश्वराला पहिल्याच दिवशी उमेदवारी म्हणजे काय ते सांगून टाकलं. काम सगळं करायचं, पगाराचं नाव काढायचं नाही, आणि कुणाची तरी जागा रिकामी व्हायची वाट बघायची. वाट बघताना चेहरा मात्र असा ठेवायचा, की त्या माणसाला उदंड आयुष्य लाभो.

यज्ञेश्वरानं तो चेहरा पावसाळाभर ठेवला, हिवाळाभर ठेवला. बोरू तासले, शाई घोटली, गवताच्या भाऱ्यांच्या नकला केल्या. आणि एका शनिवारी खरोखरच जागा झाली. मांजरी गावाहून येणाऱ्या उसाच्या गाड्या मोजून घेणारा कारकून सासऱ्याच्या वशिल्यानं खजिन्यात गेला.

"अक्षर पाहिलं. ठीक आहे," आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून 'ठीक आहे' म्हणजे दुसऱ्यानं शालजोडी दिल्यासारखं होतं. यज्ञेश्वराच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "जामीन आण."

"जामीन?"

"जामीन. पुण्यातला, घरदार असलेला माणूस. त्यानं इथं माझ्यासमोर उभं राहून सांगायचं, हा अमका, मी याला ओळखतो. उद्या तू सरकारचा ऊस घेऊन पळालास, तर आम्ही कुणाच्या दारात जाऊन बसायचं?"

"ऊस घेऊन मी कसा पळेन, आप्पासाहेब?"

"ते पळणाऱ्यानं बघायचं. येत्या शनिवारी माणूस घेऊन ये. नाहीतर दुसरा उमेदवार आहेच, त्याला मामा आहे." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "पुण्यात तुला ओळखतं कोण?"

"सहा घरं ओळखतात," यज्ञेश्वर छाती काढून म्हणाला.

"एक पुरे," आप्पासाहेब म्हणाले.

ही सहा घरं म्हणजे यज्ञेश्वराचे वार. परगावचा गरीब मुलगा पुण्यात आला, की तो वार लावून जेवायचा. सोमवारी दुपारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. देणाऱ्याला पुण्य, खाणाऱ्याला भात, आणि कुणावरच फार भार नाही. यज्ञेश्वराला सहा वार मिळाले होते. शनिवार काही केल्या मिळाला नव्हता. शनिवारी माझा कडक उपास असतो, असं तो सगळीकडं सांगायचा. लोक म्हणायचे, काय निष्ठावान मुलगा आहे!

त्यात पुण्याच्या पेठांना वारांची नावं. यज्ञेश्वराचा सोमवार होता नारायण पेठेत, मंगळवार शनिवारात, बुधवार शुक्रवारात. नव्या माणसाला हे पाठ होईपर्यंत एखादं जेवण चुकायचंच. तसं ते त्याचंही चुकलं होतं. एका बुधवारी तो सरळ बुधवार पेठेत जाऊन उभा राहिला होता आणि परक्या ओटीवरच्या माणसानं "काय पाहिजे?" असं विचारल्यावर "काही नाही, पेठ बघत होतो," म्हणून उपाशी परतला होता.

पण सहा घरांत आपल्याला ओळखतात, हा त्याला केवढा आधार होता! गावाहून आल्यापासून त्याच्याशी गप्पा मारायला म्हणून कुणी बसलं नव्हतं. देवळाच्या ओवरीत तो निजायचा, तिथला गुरव त्याला 'ओ पाहुणे' म्हणायचा. दफ्तरात 'उमेदवार' म्हणायचे. आणि वाराच्या घरी? वाराच्या घरी त्याला वारच म्हणायचे. "आला का सोमवार?" "मंगळवारला ताक वाढ गं." "गुरुवार, पाणी घे बाळ." त्याला ते खटकायचं नाही. पोटात भूक असली की हाकेत काय कमी आहे ते लगेच लक्षात येत नाही.

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी झालं. यज्ञेश्वर स्वभावानं भिडस्त. कुणाचं मन मोडणं त्याच्या जिवावर यायचं, त्यातून ते मन भात वाढणारं असलं तर विचारायलाच नको. त्यामुळं ज्या घराला जसा मुलगा हवा होता, तसा तो त्या घरी झाला होता.

सोमवारचे गोपाळकृष्णशास्त्री. त्यांना वेदाध्ययन करणारा विद्यार्थी जेवू घालायचा होता. मग सोमवारी यज्ञेश्वर वेद शिकत असे. कुठं शिकतोस असं विचारलं, तर तोंडात मोठा घास घेई.

मंगळवारी श्रीधरपंत आणि श्यामलाकाकू. पहिल्याच दिवशी काकूंनी "भात हवा का?" विचारलं. लाजेनं त्याच्या तोंडून शब्द फुटेना. काकूंनी मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बहिरा आहे हो बिचारा!" आणि दुप्पट भात वाढला. त्या भातासमोर "मला ऐकू येतं" असं कोण म्हणेल? दर मंगळवारी तो बहिरा झाला.

बुधवारचे माधव वैद्य. त्यांना रोगी फार प्रिय. यज्ञेश्वरानं त्यांना एक नाजूक पोट देऊन टाकलं होतं, आणि त्या पोटासाठी दर बुधवारी तो जेवणाआधी एक काळा काढा प्यायचा. गुरुवारच्या मंदाकिनीबाई गंगेसारख्या मायाळू विधवा, पण त्यांचा नेम असा की आईबाप नसलेल्या पोरालाच जेवू घालायचं. तेव्हा गुरुवारी यज्ञेश्वर पोरका. गावी त्याची आई धडधाकट होती, रोज तुळशीला पाणी घालून त्याच्यासाठी हात जोडत होती. गुरुवारचा घास त्याच्या घशातून सगळ्यात कष्टानं उतरायचा, पण उतरायचा.

राहिले शुक्रवार आणि रविवार. थोरले दातार आणि धाकटे दातार, सख्खे भाऊ. एका आंब्याच्या झाडावरून बोलणं बंद झालेलं. यज्ञेश्वर दोघांकडं जेवायचा आणि ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. शुक्रवारी थोरले विचारायचे, "काय रे, तो आमचा धाकटा कसला माणूस आहे, ऐकलं असशीलच?" यज्ञेश्वर म्हणायचा, "हो, ऐकलंय खरं." रविवारी धाकटे तेच विचारायचे, आणि हा तेच उत्तर द्यायचा.

असे हे सहा मुलगे एकाच धोतरात पुणे शहरात फिरत होते. आता त्यांतल्या एकाला जामीन हवा होता.

रविवारपासून त्यानं सुरुवात केली. धाकटे दातार म्हणाले, "शनिवारी ना? बघू." आता पुण्यात कुणी 'बघू' म्हणालं की विषय संपला, एवढं यज्ञेश्वर शिकला होता. निमूटपणे हात धुऊन तो बाहेर पडला.

सोमवारी गोपाळकृष्णशास्त्री पाटावरून उठूनच उभे राहिले. "हत्तीच्या वैरणीत? वेदपाठी मुलगा गवत मोजणार? कोण आहे तो अधिकारी?" यज्ञेश्वर म्हणाला, "पोटासाठी, शास्त्रीबुवा." शास्त्री त्याच्याकडं बघत राहिले. "बघू," ते म्हणाले.

मंगळवारची गोष्ट जास्त अवघड. बहिऱ्यानं विचारायचं तर ठीक, पण उत्तर ऐकायचं कसं? त्यानं विचारलं, आणि श्यामलाकाकू त्याच्या कानाशी अशा ओरडल्या, की पलीकडच्या घरातली धारेला लागलेली गाय दचकली. "बघू म्हटलं! बघू!" मग पाठमोऱ्या होऊन नवऱ्याला म्हणाल्या, "काय करायचं हो?"

श्रीधरपंत भात कालवत सावकाश म्हणाले, "जाऊ की. चिकटला एकदाचा नोकरीला, तर आपला एक वार सुटेल. मुलगा मेला ठोंब्या आहे. समोर बसला की जेवण जात नाही मला, गाय बसल्यासारखी वाटते."

यज्ञेश्वर समोरच बसलेला होता. त्याला सगळं ऐकू आलं, आणि ऐकू आलं असं दाखवता येईना. पानातला भात त्याला संपवायचा होता, तोही मजेत. तो संपवला त्यानं. वर काकूंनी ताक विचारलं, तेव्हा मान हलवून हसलासुद्धा. पण त्या दिवशी तो ओवरीत परत गेला नाही. दफ्तर सुटल्यावर नदीकाठी जाऊन बसला आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, की आपण या गावात आहोत हे कुणालाही माहीत नाही. आपल्याला स्वतःलासुद्धा आठवड्यातून एकदाच आठवतं, शनिवारी.

बुधवारी वैद्यबुवांनी त्याची नाडी धरूनच सगळं ऐकून घेतलं. "तुझ्या पोटाला बैठं काम? आत्महत्या आहे!" म्हणाले, वर "बघू" म्हणून काढा वाढवला. मंदाकिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मी बाईमाणूस, दफ्तरात कशी रे येऊ? बघते हं." शुक्रवारी थोरल्या दातारांनी तर जांभई देतच 'बघू' म्हटलं. सहाच्या सहा 'बघू' झाले.

शनिवारी यज्ञेश्वर रिकाम्या हातांनी, रिकाम्या पोटानं दफ्तरात गेला. मामावाला उमेदवार आधीच येऊन बसला होता. मामाही होता. पानदान उघडून तो आप्पासाहेबांना विडा देत होता आणि आप्पासाहेब तो घेत नव्हते.

"आला का जामीन?" त्यांनी यज्ञेश्वराला विचारलं.

यज्ञेश्वर 'नाही' म्हणणार, एवढ्यात दारात उपरणं दिसलं. त्यामागं आणखी एक. मग रस्त्यावर एक मेणा येऊन टेकला. पुण्याचं 'बघू' जन्मात एकदा खरं झालं, आणि तेही सहाच्या सहा घरांचं, त्याच दिवशी! आनंदानं त्यानं हात जोडले. आपल्यासाठी एवढी माणसं आली! ऊन तापलेलं असताना, घरची कामं टाकून! नंतर त्याच्या लक्षात आलं की सगळे एकाच वेळी आलेत, आणि मग जोडलेले हात वेगळ्या कारणानं जोडलेलेच राहिले.

"एकेकानं बोला," आप्पासाहेब म्हणाले. "या मुलाला कोण ओळखतं?"

"मी!" सहा आवाज उठले. म्हणजे पाच खोलीत आणि एक मेण्यातून.

"नाव काय याचं?"

बाहेर हत्तीच्या साखळीचा आवाज आला. गोपाळकृष्णशास्त्र्यांनी घसा खाकरला. "नाव असं... आम्ही याला सोमवार म्हणतो."

"सोमवार कसला? मंगळवार आहे हा आमचा," श्यामलाकाकू म्हणाल्या. त्या नवऱ्याला ओढून घेऊन आल्या होत्या.

"ते राहू द्या. मी एवढंच सांगायला आलोय," शास्त्री आवाज चढवून म्हणाले, "की या मुलाला इथं ठेवू नका. वेदांत याची गती मोठी आहे!"

"गती?" माधव वैद्य म्हणाले. "शास्त्रीबुवा, याचं आतडं बघा आधी. बसून काम केलं तर वर्ष काढायचा नाही."

"अहो, बसून, उभ्यानं, काहीही द्या," काकू म्हणाल्या, "फक्त बोलायचं काम देऊ नका. ठार बहिरा आहे. हे बघा." आणि त्या यज्ञेश्वराच्या कानाशी वाकून ओरडल्या, "घाबरू नकोस हं!"

"नाही घाबरत, काकू," यज्ञेश्वर हळूच म्हणाला. घाबरल्यामुळंच त्याच्या तोंडून निघून गेलं ते.

काकू सरळ झाल्या. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. श्रीधरपंतांचा चेहरा चुन्यासारखा झाला. गेले किती मंगळवार आपण या पोरासमोर काय काय बोललो, ते त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं. त्यात काकूंच्या माहेराबद्दलही बरंच होतं.

तिकडं थोरल्या दातारांनी धाकट्या दातारांना बघितलं. "हा इथं कशाला?" ते छताला उद्देशून म्हणाले.

"माझ्या रविवारला जामीन राहायला," धाकटे खांबाला म्हणाले.

"रविवार? अरे, हा माझा शुक्रवार आहे! माझ्या घरी बसून तुला नावं ठेवतो हा!"

"मला? मग माझ्या घरी दर रविवारी तुला कोण नावं ठेवतं?"

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलले. बोलले म्हणजे भांडले, पण सुरुवात अशीच व्हायची. भांडत भांडतच ते रस्त्यावर गेले, आंब्याच्या झाडापर्यंत आले, आणि दूरवर जाईपर्यंत ऐकू येत राहिले.

"ऐकून घ्या माझं," मेण्याच्या पडद्याआडून मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्याला रागावू नका. आईबाप नाहीत हो त्याला."

"काल तर म्हणाला, आईला निरोप धाडायचाय!" थोरले दातार जाता जाता रस्त्यातून ओरडले. भांडतानाही त्यांचा कान इकडंच होता.

आता मात्र यज्ञेश्वराला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. शास्त्रीबुवा उपरणं झटकून निघून गेले. वैद्य म्हणाले, "पोट तरी खरं आहे का रे?" यज्ञेश्वरानं मान खाली घातली. "माझा काढा!" एवढंच म्हणून तेही गेले. काकू नवऱ्याला दंडाला धरून घेऊन गेल्या. श्रीधरपंतांची पुढची बरीच जेवणं कुणी समोर न बसताही गेली नसावीत.

मेणा तेवढा थांबला होता. यज्ञेश्वर त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. पडद्यामागून आवाज आला.

"आई आहे का रे तुला?"

"आहे."

"मग तिला कळव," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "की गुरुवारी मुलगा पोटभर जेवत होता. तिला रोज काळजी वाटत असेल." आणि मेणा उचलला गेला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं यज्ञेश्वराला वाटलं. तो तिथंच रडला, उघड उघड, मामाच्या देखत.

"झालं?" आतून आप्पासाहेबांनी विचारलं. "झालं असेल तर आत ये."

तो आत गेला. मामा विड्याचं पान दुमडत गालात हसत होता.

"सहा जण आले, सहा मुलांना जामीन राहिले. त्यांतला तू कोण?"

"कुणीच नाही," यज्ञेश्वर म्हणाला. "मला ऐकू येतं, पोट बरं आहे, वेद येत नाहीत. आई आहे. मी सगळीकडं खोटं बोललो. जेवायला मिळावं म्हणून."

"आणि शनिवारी कुणाकडं खोटं बोलतोस?"

"शनिवारी वार नाही. उपास असतो म्हणून सांगतो, तेही खोटंच. नदीवर जाऊन बसतो."

"ते कुणी पाहिलंय?"

"इथं येऊन सांगेल असं कुणीच नाही."

तेवढ्यात खिडकीतून एक सोंड आत आली. दफ्तराच्या मागच्या अंगणात दर शनिवारी नदीवर धुऊन आणलेल्या हत्तिणीला वैरण घालायचे. तिचं नाव गुलबदन. सोंड मामाच्या पगडीवरून गेली, विड्याचा वास घेऊन नाराज झाली, आणि सरळ यज्ञेश्वराच्या कमरेशी येऊन त्याच्या धोतराची गाठ चाचपू लागली.

"गुलबदन!" मागून हमीद माहूत धावत आला आणि खिडकीतून आत बघून ओशाळला. "माफी असावी, आप्पासाहेब. आज हा पोरगा नदीवर आला नाही ना, तिनं अंघोळच करू दिली नाही. कधीपासून त्याला शोधतेय."

"ही याला ओळखते?"

"वा! दर शनिवारी हाच तर तिची पाठ घासतो. मग मी तिच्या उसातली दोन कांडी देतो याला. एक तो खातो, एक तिलाच देतो परत." बोलून गेल्यावर हमीदला आपण कुणापुढं काय बोललो ते उमगलं, आणि तो खिडकीखाली दिसेनासा झाला.

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. सरकारी हत्तिणीचा ऊस हा मुलगा खात होता, आणि तोच ऊस मोजायच्या जागेवर त्याला बसायचं होतं.

"खरं आहे हे?"

"खरं आहे," यज्ञेश्वर म्हणाला. "उसाला विटाळ नसतो असं मनाला समजावून खात होतो. पण सरकारचा असतो, हे नाही आलं मनात."

मामानं आता हसू लपवलंच नाही. पण आप्पासाहेब त्याच्याकडं बघत नव्हते, सोंडेकडं बघत होते. सोंड यज्ञेश्वराच्या खांद्यावर निवांत पडली होती.

"अडचण अशी आहे," ते सावकाश म्हणाले, "की जामीन सापडला, पण तो सरकारी आहे. सरकार सरकारलाच जामीन राहू शकत नाही. शिवाय सही करायची म्हटली तर कागद उरायचा नाही." मग त्यांनी बोरू शाईत बुडवला आणि जामिनाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं.

"अहो, आप्पासाहेब!" मामा उठलाच. "दफ्तराच्या मुख्यानंच जामीन राहायचं? असं चालत नाही."

"चालत नाही," आप्पासाहेब म्हणाले. "पण हा कागद तपासणारा मीच आहे. माझ्याकडं तक्रार करा, मी बघू म्हणेन."

मामा भाच्याला घेऊन गेला. पानदान विसरला, ते न्यायला परत आला, आणि पुन्हा गेला. यज्ञेश्वर अजून उभाच होता. नोकरी लागल्यावर माणूस काय करतो, ते त्याला माहीत नव्हतं. कुणाला जाऊन सांगायचं? सहा दारं आजच बंद झाली होती.

"उभा काय राहिलास? जेवायची वेळ झाली," आप्पासाहेब म्हणाले. "शनिवार आहे. चल."

आप्पासाहेबांचं घर दफ्तरापासून हाकेच्या अंतरावर. घर म्हणजे दोन खोल्या, एक चूल, आणि भिंतीतल्या खुंटीवर बायकोचं रिकामं सुपलं. स्वयंपाक सकाळीच स्वतः करून झाकून ठेवलेला. त्यांनी सोवळं नेसलं, दोन पाट मांडले, दुसऱ्या पाटावरची धूळ पंच्यानं झटकली. कधीपासून तो भिंतीशी उभा होता कुणास ठाऊक.

"कागदावर यज्ञेश्वर लिहिलंय," वाढता वाढता ते म्हणाले. "घरी काय म्हणतात?"

पुण्यात आल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. "यगू," तो म्हणाला. "आई म्हणते."

"हं."

दोघे जेवू लागले. आप्पासाहेब बोलत नव्हते, बोलायची सवयच नसावी. आमटीचा भुरका मारून झाल्यावर मात्र त्यांनी पानातून वर न बघता विचारलं, "आमटी कशी झालीय?"

यज्ञेश्वराच्या जिभेवर सहा उत्तरं तयार होती. अमृत झालीय, असं सोमवारी म्हणायचा. मंगळवारी नुसता हसायचा. त्यानं आमटीकडं बघितलं, आप्पासाहेबांकडं बघितलं.

"खारट आहे," तो म्हणाला.

आप्पासाहेबांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा चव घेतली, लक्ष देऊन, एखादा कागद दुसऱ्यांदा वाचावा तशी. "रोज एवढीच असते," ते म्हणाले.

"मग रोज खारट होत असेल."

त्यांनी भात पानाच्या कडेला सारला. आता आपण ही नोकरीही घालवली, असं यज्ञेश्वराला वाटू लागलं.

"ही गेल्यापासून मीच करतो," आप्पासाहेब म्हणाले. "कुणी म्हणालं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "कोण म्हणणार म्हणा." त्यांनी आपल्या भातावर ताक ओतून घेतलं आणि ताकाचं भांडं यज्ञेश्वराकडं सरकवलं. "पुढच्या शनिवारी जरा लवकर ये, यगू. मीठ तू घाल."

"बरं," यगू म्हणाला, आणि पानातली सगळी आमटी त्यानं ओरपली.